आयुष्मान कार्ड, ईएसआय आणि कोल्हापुरात फिजिओ कुठं मिळतो

पहिल्यांदा एक गोष्ट पक्की करून घ्या, आयुष्मान कार्ड असो नाहीतर महात्मा फुले योजना, दोन्ही ॲडमिट पेशंटसाठी आहेत. म्हणजे मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झालं तर दवाखान्यातला खर्च योजनेत बसतो, पण घरी आल्यावर गल्लीतल्या फिजिओकडं रोज जायचं म्हटलं की तिथं हे कार्ड चालत नाही. बऱ्याच घरांत हे डिस्चार्जनंतर कळतं, मग पैशापायी व्यायाम सुटतो आणि गुडघा आखडून बसतो, वाईट वाटतं बघून.

म्हणून ॲडमिट असतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला गाठा, योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात त्यांचं टेबल असतं. फिजिओ वॉर्डात येणार का, डिस्चार्जनंतर फॉलोअप किती दिवस मिळणार, स्पष्ट विचारा. आणि घरात पेशंटजवळ जो थांबणार आहे त्यालाच फिजिओसमोर उभं करा, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली कसा दाबायचा, किती वेळ धरायचा, सगळं त्याच्याकडून करून घ्या आणि मोबाईलवर व्हिडिओ काढा.

पुढच्या फिजिओसाठी माझ्या मते पहिला सीपीआर दवाखानाच बघा, दसरा चौकातला. सरकारी आहे, त्यामुळं केसपेपर काढून आधी हाडांच्या ओपीडीत दाखवायचं, तिथले डॉक्टर फिजिओला लिहून देतात. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, आधार, रेशन कार्ड सोबत ठेवा, सकाळी लवकर जा. गर्दी असते, पण पुढची वेळ कुठली ते फिजिओलाच विचारून निघा. कदमवाडीला डी. वाय. पाटीलचं हॉस्पिटल आहे, त्यांचं फिजिओथेरपी कॉलेजही आहे, तिथला दर आधी विचारून घ्या.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत कामाला असणाऱ्यांनी मात्र पगाराची स्लिप काढून बघा की. महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल आणि ईएसआयचे (कामगार राज्य विमा) ०.७५ टक्के कापले जात असतील तर ओपीडीचे उपचारसुद्धा त्यात येतात, घरच्यांचेही. आपल्या नावावरच्या ईएसआय डिस्पेन्सरीत जायचं आणि फिजिओसाठी चिठ्ठी मागायची, सरळ खाजगीत जाऊन नंतर बिल मागत बसू नका.

खाजगीतच जायची वेळ आली तर फिजिओथेरपीची बीपीटीएच डिग्री आणि राज्य कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर बघितल्याशिवाय पाय हातात देऊ नका, मालिश करणारा म्हणजे फिजिओ नव्हे.

योजनेत ॲडमिट असताना त्याच उपचाराचे कुणी वरून पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ किंवा १४५५५ वर तक्रार करा, डिस्चार्ज व्हायच्या आधी.