आपोआप तयार होणाऱ्या ई-पुस्तकाला कव्हर कसं घालावं

कडोली, येळ्ळूर, उचगाव, कारदगा. बेळगावपासून निपाणीकडच्या पट्ट्यापर्यंत आपल्या सीमाभागातल्या अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. मांडव उतरला की तिथं वाचलेल्या कविता जातात कुठे? बहुतेक कवीच्या वहीत, नाहीतर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वर सरकत सरकत दिसेनाशा होतात. म्हणून आमच्या वाचनालयातल्या चौघांनी एक सोय केली. लोक गूगल फॉर्मात मजकूर भरतात, तो शीटमध्ये जमतो आणि महिन्याच्या शेवटी एक छोटी आज्ञावली (संगणकाचा प्रोग्रॅम) चालवली की त्याची पीडीएफ आणि ईपब (वाचनाच्या ॲपमध्ये उघडणारं ई-पुस्तक) अशी दोन रूपं आपोआप तयार होतात.

आतला मजकूर नीट यायचा, पण कव्हर नसायचं. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली की पहिल्या पानाचं छोटं चित्र दिसतं, आणि आमच्या पहिल्या पानावर होती अनुक्रमणिका. लोकांना ते कसलं तरी परिपत्रक वाटायचं, कोणी उघडायचंच नाही. मग मी दर महिन्याला हातानं कव्हर करू लागलो. एकदा कव्हरवर आषाढ आणि आत श्रावण असा अंक दीडशे जणांकडे गेला. त्या दिवशी ठरवलं की कव्हरही त्याच आज्ञावलीतून, त्याच माहितीवरून तयार झालं पाहिजे.

आधी माहिती एका जागी आणा

पुस्तकाचं नाव, उपशीर्षक, महिना, संपादक आणि गाव हे सगळं एकाच छोट्या फाइलीत ठेवा. कव्हर, आतलं शीर्षकाचं पान आणि ईपबमधली माहिती या तिन्ही ठिकाणी नाव तिथूनच उचललं जाईल. एकदा दुरुस्त केलं की सगळीकडे दुरुस्त. ही फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवा, म्हणजे देवनागरी अक्षरं जशीच्या तशी राहतात. एक्सेलमधून काढत असाल तर साधी सीएसव्ही न निवडता 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. जुन्या डीटीपीच्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर आपण टाइप करतो त्या अक्षरांत, बदलून घ्या.

साचा तयार करा

इंकस्केप हे चित्रं आखायचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात ए-५ आकाराचं, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटरचं पान घ्या आणि कव्हर मांडा. नावाच्या जागी खरं नाव न लिहिता एखादी खूण लिहा, उदाहरणार्थ @@शीर्षक@@. इंकस्केप हे कव्हर एसव्हीजी प्रकारच्या फाइलीत साठवतं, आणि ती फाइल आतून साधा मजकूरच असते. त्यामुळे पायथॉन या संगणकभाषेतल्या चार ओळी ती खूण शोधून तिथं खरं नाव घालू शकतात.

इथं तीन गोष्टी सांभाळा. खुणेतल्या एखाद्याच अक्षराचा रंग किंवा आकार बदलू नका. तसं केलं की फाइलीत खुणेचे तुकडे पडतात आणि शोधताना ती सापडत नाही. एसव्हीजीमधली साधी ओळ आपोआप मोडत नाही, म्हणून शीर्षकासाठी दोन ओळींच्या दोन खुणा ठेवा आणि नाव कुठे तोडायचं ते माहितीच्या फाइलीतच लिहा. हे माणसानंच ठरवावं. 'जात्यावरच्या' एका ओळीत आणि 'ओव्या' दुसरीत शोभतं, ते यंत्राला कळत नाही. आणि नावात 'आणि'साठी & हे इंग्रजी चिन्ह वापरलं असेल तर फाइल उघडणारच नाही. सरळ 'आणि' लिहा.

फोटो साच्यात पक्का न बसवता नुसता जोडून (लिंक करून) ठेवा, त्याच फोल्डरमध्ये, नेहमी एकाच नावानं. दर महिन्याला फक्त फोटो बदलायचा. आम्ही राजहंसगड, कणकुंबीचा पाऊस, निपाणीकडची तंबाखूची शेतं असे स्वतः काढलेले फोटो वापरतो. इंटरनेटवर दिसला म्हणून कुणाचाही फोटो उचलू नका. काढणाऱ्याला विचारा आणि त्याचं नाव आतल्या पानावर छापा.

अक्षरं मोडू देऊ नका

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. सुरुवातीला मी साचा न वापरता पायथॉनच्या पिलो या संचानं थेट चित्रावर नाव लिहीत होतो. 'शिवारातल्या ओव्या' या नावातली पहिली वेलांटी श च्या उजवीकडे जाऊन बसली, ल्या आणि व्या फुटून मध्ये पाय मोडलेली अक्षरं दिसू लागली. ज्या आजींच्या ओव्या होत्या त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, "हे काय वाचायला येईना की ओ!" आयुष्यभर तोंडपाठ जपलेलं पहिल्यांदा पुस्तकात आलं, आणि त्याचं नावच मोडकं. मला फार लागलं ते.

कारण साधं आहे. देवनागरीत अक्षरं टाइप केलेल्या क्रमानं नुसती शेजारी ठेवून चालत नाहीत, ती जुळवावी लागतात. पिलोमध्ये हे काम राक्म नावाचा जोड करतो. तो नसेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरं मोडतात. इंकस्केप ही जुळणी स्वतः करतं, म्हणून मी साच्याकडे वळलो.

फॉन्ट निवडताना नमुन्याला येळ्ळूर, खऱ्याखुऱ्या, दृष्टी, ॲड., ज्ञान, शेत आणि लाल एवढे शब्द लिहून बघा. ळ्ळ नीट जुळतो का, ऱ्या चंद्रकोरीसारखा येतो का, ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हे लगेच कळतं. मुक्त, बालू, तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट मोफत आहेत. मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली तर काही फॉन्ट मराठी वळणाचे ल आणि श स्वतःहून देतात.

दोन अक्षरांमधलं अंतर मात्र कधीही वाढवू नका. इंग्रजी कव्हरांवर ते छान दिसतं, आपली शिरोरेखा त्यानं तुटते. दोन ओळींमध्ये मोकळी जागा ठेवा, वरचे रफार आणि खालचे उकार एकमेकांत अडकायला नकोत. आमच्याकडे शेजारपाजारच्या कन्नड मित्रांसाठी गावाचं नाव कन्नडमध्येही असतं. त्या ओळीला वेगळी खूण आणि नोटो सेरिफ कन्नडसारखा तिचा स्वतःचा फॉन्ट द्या.

पीडीएफला जोडणं

इंकस्केपमधून कव्हरची पीडीएफ काढताना 'मजकुराचे पाथ करा' हा पर्याय निवडा. त्यानं अक्षरांचे आकार होतात, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. कव्हरचा आकार आतल्या पानांएवढाच हवा. जोडणी आतला मजकूर पूर्ण तयार झाल्यावर करा, म्हणजे पानांवर छापलेले क्रमांक हलत नाहीत. मी क्यूपीडीएफ हे पीडीएफ जोडायचं साधन वापरतो. त्याला मुख्य फाइल म्हणून आतला मजकूर द्यायचा आणि पानांच्या यादीत कव्हर आधी लावायचं. रिकाम्या फाइलीपासून सुरुवात केली तर बाजूला दिसणारे बुकमार्क हरवतात.

ईपबला जोडणं

इथं चित्र लागतं. ए-५ पान ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, काढलं की १७४८ बाय २४८० पिक्सेल होतात, तेवढं पुरतं. किंडलच्या दुकानात पुस्तक ठेवायचं असेल तर १६०० रुंद आणि २५६० उंच असा वेगळा साचा करा. फोटो असलेलं पीएनजी जड होतं, ते जेपीजीत बदला.

ईपबमध्ये कव्हर दोन ठिकाणी सांगावं लागतं. आत पहिलं पान म्हणून, आणि फाइलींच्या यादीत 'हेच कव्हर' अशी नोंद म्हणून. नुसतं पहिलं पान घातलं तर पुस्तक उघडल्यावर चित्र दिसतं, पण वाचनाच्या ॲपच्या फडताळात राखाडी चौकोनच राहू शकतो. पॅनडॉक या मजकुराचं ईपब बनवणाऱ्या साधनाला कव्हरचं चित्र कोणतं ते सांगितलं की ते दोन्ही नोंदी करतो. एखाददुसऱ्या पुस्तकासाठी एवढं सगळं करायची गरज नाही. कॅलिबर या ई-पुस्तकं सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये पुस्तकाची माहिती उघडा, कव्हर तयार करण्याचं बटण दाबा, नाव आणि लेखक घेऊन ते कव्हर बनवतं.

पाठवण्याआधी

तयार अंक आधी स्वतःलाच पाठवा आणि घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर बघा. छोट्या चित्रात नाव वाचता येत नसेल तर साच्यात उपशीर्षक लहान करा आणि शीर्षक मोठं. मग ज्यांचं लेखन आहे त्यांच्यापैकी एकाला दाखवा. आमच्याकडे आता पहिला मान आजींचा असतो. त्या चष्मा लावून नाव मोठ्यानं वाचतात आणि मगच अंक ग्रुपवर जातो.