शिडाच्या युद्धनौकेचं मॉडेल: या चुका टाळा

मॉडेल वाकडं दिसलं की बहुतेक जण दोरांना दोष देतात. पण दोर ओवायची वेळ येईपर्यंत घोटाळा होऊन गेलेला असतो, सांगाड्यातच.

लाकडी किटमधल्या बल्कहेडच्या (सांगाड्यातल्या आडव्या फळ्यांच्या) कडा काटकोनात कापलेल्या असतात. जहाजाचं अंग मात्र नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि पिछाडीला वळतं. तिथल्या कडा तिरक्या घासल्या नाहीत तर वरून चिकटवायची लाकडी पट्टी नुसत्या कोपऱ्यावर टेकते आणि मधे खड्डे पडतात. गोंद लावण्याआधी एक पातळ पट्टी सगळ्या बल्कहेडवरून धरून बघा, कुठे फट दिसते ते लगेच कळेल. पट्ट्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून लावा. एक बाजू आधी पुरी केली तर कील (तळाचा कणा) पिळते, आणि पिळलेली कील नंतर सरळ होत नाही.

नाळेजवळ पट्ट्या एकमेकींवर चढतायत? घेर तिथे कमी असतो, पट्ट्या तेवढ्याच असतात. त्यामुळे टोकं निमुळती करावी लागतात. निम्म्याहून जास्त निमुळती करायची वेळ आली तर दोन पट्ट्यांच्या जागी एकच घाला.

तोफांची दारं पाण्याच्या रेषेला समांतर आखू नका. ती डेकच्या वळणाबरोबर चालतात. तोफांचा रंगही जहाज बघून ठरवा. १६२८ साली बुडालेल्या स्वीडिश 'वासा'वर बहुतेक तोफा काशाच्या होत्या, पण ट्रफाल्गरच्या लढाईतल्या (१८०५) ब्रिटिश 'व्हिक्टरी'च्या लोखंडी, म्हणून तिच्यावर चकाकतं पितळ नको.

आता दोर. डोलकाठी एका बाजूला झुकली असेल तर श्राउड, म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी धरणारे दोर, बांधायचा क्रम तपासा. एका बाजूचे सगळे आधी ताणले की ती झुकणारच. खऱ्या जहाजावर उजवीकडची सर्वांत पुढची जोडी पहिली, मग डावीकडची, असं आळीपाळीने मागे जात. डेडआय (श्राउड ताणायचे भोकांचे लाकडी गोल ठोकळे) खालीवर होत असतील तर वरच्या-खालच्या जोडीतलं अंतर धरणारा तारेचा एकच आकडा करा आणि प्रत्येक जोडीला तोच लावा.

रॅटलाईनची (श्राउडवर चढायच्या आडव्या दोरांची) गाठ घट्ट ओढली की श्राउड आत खेचले जातात आणि मधे कंबर पडते. आधी दर पाचवी ओळ बांधा, मधल्या नंतर भरा, आणि मागे रेघा आखलेला कागद ठेवा. दोन ओळींतलं खरं अंतर १३ ते १५ इंच असे, म्हणजे १:६४ प्रमाणाच्या मॉडेलवर साधारण ५ ते ६ मिलिमीटर. त्याहून विरळ बांधली तर खलाशाला उड्या मारत चढावं लागेल! गाठीला पातळ केलेला पांढरा गोंद पुरतो. सुपरग्लूने दोरा कडक होतो, चकाकतो आणि पुढे गाठीपाशीच तुटतो. श्राउड आणि रॅटलाईन डांबर लावलेले, म्हणून काळपट ठेवा. शिडं आणि यार्ड (शीड टांगायचे आडवे वासे) हलवणारे दोर फिकट असतात. सगळ्यांना एकच रंग दिला की मॉडेल खेळण्यासारखं दिसतं.

शिडं लावायची नसतील तर टॉपसेलचे (खालून दुसऱ्या शिडाचे) आणि त्यावरचे यार्ड खाली उतरवून ठेवा. शीड नसताना ते वर चढवून ठेवत नसत. लावायची असतील तर वाऱ्याचं भान ठेवा. शिडं पुढे फुगलेली आणि झेंडा मागे फडफडतोय, ही चूक प्रदर्शनातल्या महागड्या मॉडेलांवरही दिसते. मागून वारा असेल तर पिछाडीचा झेंडाही पुढेच उडतो.