थीम पार्कमधला पावसाचा दिवस : तयारी कशी करावी

थीम पार्कची तिकिटे बहुधा काही आठवडे आधी काढलेली असतात, आणि पावसाच्या अंदाजावर विसंबता येते ते फार तर चार-पाच दिवस आधीपासून. त्यामुळे सहलीचा दिवस आणि पावसाचा दिवस एकच निघाला, तर त्यात कोणाची चूक शोधण्यात अर्थ नसतो. तारीख पुढे ढकलता येत नसेल, तर पावसाला धरूनच बेत आखावा लागतो. असे काही दिवस काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की अंगावर पाणी पडल्याचा त्रास माणूस थोड्याच वेळात विसरतो. दिवस नासवणाऱ्या गोष्टी दोनच : ओले पाय, आणि बंद राइडसमोर उभे राहून वाया गेलेले तास. पुढची बरीचशी तयारी या दोन गोष्टींसाठीच आहे.

निघण्यापूर्वी

सर्वांत आधी तिकिटाच्या अटी वाचाव्यात. पाऊस पडला म्हणून पैसे परत करणारी पार्क थोडी असतात. मुख्य राइड बराच वेळ बंद राहिल्यास दुसऱ्या दिवशीचा प्रवेश देण्याची सोय काही ठिकाणी असते. ती सोय आहे का, असल्यास कोणत्या खिडकीवर आणि किती वाजेपर्यंत मागायची, हे घरीच पाहून ठेवावे, कारण भिजलेल्या बोटांनी मोबाइलवर बारीक अक्षरांतल्या अटी शोधणे हे काम भर पावसात होत नाही.

हवामानाच्या अंदाजात ‘४० टक्के’ असा आकडा दिसला, तर दिवसाचा ४० टक्के वेळ पाऊस पडेल असा त्याचा अर्थ नसतो. त्या ठिकाणी, त्या कालावधीत पाऊस पडण्याची शक्यता दहात चार, एवढेच तो सांगतो. म्हणून दिवसाच्या एका आकड्याऐवजी तासागणिक अंदाज पाहावा, आणि पार्कमध्ये पोहोचल्यानंतर रडारचे चित्र पाहावे, कारण ढग कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकत आहेत हे त्यात दिसते आणि पुढच्या तास-दीड तासासाठी त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नसते. उष्ण प्रदेशांत उन्हाळ्यातला पाऊस बहुतेक वेळा दुपारनंतर, गडगडाटासह येतो. अमेरिकेतल्या ऑरलँडोच्या प्रसिद्ध पार्कमध्ये जून ते सप्टेंबर हा प्रकार इतका नित्याचा आहे, की तिथे वारंवार जाणारे लोक उंच राइड सकाळीच उरकून घेतात.

पार्कचा नकाशा आदल्या रात्री समोर घ्यावा आणि त्यावर छप्पर कुठे कुठे आहे तेवढ्याच खुणा कराव्यात. काही पार्कनी पावसाचा विचार बांधतानाच केलेला आहे : १९८३ साली सुरू झालेल्या टोकियो डिस्नेलँडमध्ये प्रवेशद्वारापुढच्या बाजारपेठेवर काचेचे छत आहे, आणि सोलमधल्या लोट्टे वर्ल्डचा मोठा भाग इमारतीच्या आतच आहे. इतरत्र मात्र छपराखालच्या जागा विखुरलेल्या असतात. खुणा करताना एका फरकाकडे लक्ष द्यावे, तो म्हणजे राइड इमारतीत असली तरी तिची रांग उघड्यावर असू शकते. अशी राइड मुसळधार पावसात कामाची नाही, कारण सात मिनिटांच्या कोरडेपणासाठी पाऊण तास भिजावे लागते.

पायांची काळजी

मोठ्या पार्कमध्ये दिवसाकाठी दहा-बारा किलोमीटर चालणे सहज होते. पाण्यात तासन् तास राहिलेली त्वचा मऊ पडते, पांढरी होते, सुरकुतते, आणि मग ओल्या मोज्याची एक घडीसुद्धा टाचेवर फोड आणायला पुरेशी ठरते. त्यामुळे पादत्राणांचा निर्णय रेनकोटाच्या निर्णयाहून महत्त्वाचा आहे, हे माझे ठाम मत आहे.

पाणी आत शिरू न देणारे बूट ऐकायला चांगले वाटतात, पण जोरदार पावसात पाणी घोट्यावरून, पँटच्या काठावरून खाली उतरते आणि बुटात जाऊन बसते. जे बूट पाणी आत येऊ देत नाहीत ते बाहेरही जाऊ देत नाहीत. रिमझिम असेल आणि हवा थंड असेल तर ते ठीक आहेत. उष्ण हवेत मात्र जाळीदार कापडाचे, पातळ, लवकर वाळणारे बूट किंवा मागे पट्टा असलेल्या, घट्ट बसणाऱ्या सँडल अधिक सोयीच्या ठरतात. साध्या चपला टाळाव्यात, कारण ओल्या फरशीवर त्या घसरतात आणि पाय मोकळे लोंबकळत ठेवणाऱ्या राइडवर त्या पायातून सुटून पडतात. अशा राइडवर त्या काढून ठेवायला सांगितले जाते ते याचसाठी. नवे कोरे बूट या दिवशी कधीही घालू नयेत.

मोजे सुती नकोत. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे असावेत. माणशी दोन जादा जोड घ्यावेत आणि प्रत्येक जोड वेगळ्या झिप-लॉक पिशवीत ठेवावा, म्हणजे एक पिशवी उघडताना दुसरा जोड भिजत नाही आणि काढलेला ओला जोड त्याच रिकाम्या पिशवीत जातो. सकाळी निघताना टाचांना आणि बोटांच्या मध्ये व्हॅसलीनचा पातळ थर लावावा. दुपारी जेवायला बसल्यावर बूट-मोजे काढावेत, छोट्या टॉवेलने बोटांच्या बेचक्यांपर्यंत पाय पुसावेत, दहा-पंधरा मिनिटे ते तसेच उघडे ठेवावेत आणि मग कोरडे मोजे चढवावेत. बूट ओलेच असले तरी याचा उपयोग होतो. मोजा अर्ध्या तासात पुन्हा दमट होईल, पण मधल्या वेळात त्वचेला थोडी उसंत मिळालेली असते. जेवणाच्या टेबलाखाली हे करताना संकोच वाटतो खरा, पण दुपारनंतर लंगडत चालण्यापेक्षा तो परवडतो.

अंगावर काय असावे

जीन्स घरी ठेवावी. सुती धागा पाणी भरपूर शोषतो आणि सोडताना वेळ लावतो, त्यामुळे भिजलेली जीन्स जड होते, गुडघ्याला चिकटते आणि तिची जाड शिवण मांड्यांना दिवसभर काचत राहते. पॉलिस्टर किंवा नायलॉनचे धागे स्वतः जवळजवळ पाणी शोषत नाहीत, म्हणून ते कपडे पिळून झटकले की तासाभरात बरेच वाळतात.

पावसाळी पांघरुणाच्या बाबतीत छत्री, पाँचो (डोक्यातून घालायचा, टोपी असलेला सैल झगा) आणि रेनकोट यांतली निवड जागा पाहून करावी. छत्री चालताना उत्तम. पण गर्दीच्या रांगेत तिच्या काड्या शेजाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात, तिच्या पागोळ्या त्याच्या मानेवर गळतात, आणि राइडवर ती नेता येत नाही. पातळ प्लास्टिकचा पाँचो पाठीवरच्या पिशवीसकट सगळ्यावरून जातो, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र तो वाऱ्याने फडफडतो, म्हणून राइडवर बसताना त्याचा घेर गोळा करून मांडीखाली दाबावा किंवा राइड चालवणाऱ्याने सांगितल्यास काढावा. सुटे टोक यंत्रात अडकणे हा धोका खरा आहे आणि त्या सूचनेवर वाद घालू नये. रेनकोट टिकाऊ असतो, पण उष्ण हवेत आतून घामाने तितकेच भिजायला होते. माझी निवड उन्हाळ्यात पाँचो, थंडीत रेनकोट अशी आहे, आणि पाँचो मी नेहमी दोन घेतो, कारण पहिला दुपारपर्यंत कुठेतरी फाटतोच.

डोक्यावरच्या झाकणाबद्दल एक बारीक गोष्ट सांगतो. पाँचोची टोपी मान वळवली तरी जागची हलत नाही, त्यामुळे एक डोळा झाकला जातो आणि चष्मा असेल तर त्यावर थेंब येतात. आत पुढे कडा असलेली साधी टोपी घातली, की वरचे झाकण त्या कडेवर टेकून राहते आणि डोक्याबरोबर फिरते. अर्थात वेगवान राइडवर ती टोपी काढून खिशात घालावी लागते.

लहान मुलांच्या बाबतीत थोडे अधिक सावध असावे. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाहून जास्त असते, म्हणून ती लवकर गारठतात, आणि खेळाच्या नादात ते सांगतही नाहीत. ओठ निळसर दिसू लागले किंवा कुडकुडणे सुरू झाले, की ‘ही एकच राइड’ असे न म्हणता छपराखाली नेऊन कपडे बदलावेत. या बदलाच्या कपड्यांची पिशवी सोबत वागवण्यापेक्षा सकाळी पोहोचताच लॉकरमध्ये ठेवणे चांगले. एकदा मी सगळ्यांचे कोरडे कपडे पाणी न शिरणाऱ्या म्हणून घेतलेल्या सॅकमध्ये ठेवले होते. पाणी कापडातून नव्हे, चेनच्या दातांमधून आत गेले आणि गरज पडली तेव्हा सर्वांत खालचा सदरा तेवढा कोरडा निघाला. तेव्हापासून सॅक कोणतीही असो, आत प्लास्टिकची पिशवी असतेच.

कोणती राइड कशामुळे बंद होते

पाऊस, वारा आणि वीज या तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांच्यामुळे वेगवेगळ्या राइड थांबतात. हे माहीत असले, की कुठे थांबायचे आणि कुठून निघायचे हे ठरवता येते.

हलक्या पावसात बहुतेक राइड चालू राहतात. रोलर कोस्टरच्या बाबतीत प्रश्न ब्रेकचा असतो : घर्षणावर चालणारे ब्रेक ओले झाले की त्यांची पकड कमी होते, तर चुंबकीय ब्रेकमध्ये पट्ट्या एकमेकींना टेकतच नसल्याने ओलाव्याने त्यांना फारसा फरक पडत नाही. म्हणून जुने, विशेषतः लाकडी कोस्टर पावसात लवकर थांबवले जातात. चालू असला तरी पावसातला कोस्टर सर्वांना मानवत नाही. मोठा थेंब जेमतेम सेकंदाला ९ मीटर, म्हणजे ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेगाने पडतो, पण आपण ताशी १०० किलोमीटरने त्याच्यावर जाऊन आदळलो की तो चेहऱ्याला सुईसारखा टोचतो. मागच्या डब्यात, डोके किंचित खाली घालून बसल्यास हे थोडे सुसह्य होते.

वारा वाढला की आधी उंच मनोरे, साखळ्यांचे गरगर फिरणारे झोके, रोप-वे आणि आकाशपाळणे थांबतात. जमिनीवर वारा जाणवत नसला तरी वर तो बराच जास्त असू शकतो, त्यामुळे ‘इथे तर पानही हलत नाही’ हा युक्तिवाद निरुपयोगी आहे.

वीज चमकू लागली की उघड्यावरचे जवळपास सगळेच थांबते, पाण्याच्या राइडसुद्धा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले, की अंतर किलोमीटरमध्ये अंदाजे कळते. पण गडगडाट ऐकू येतो आहे याचाच अर्थ आपण विजेच्या टप्प्यात आहोत, असे धरून पक्क्या इमारतीत जावे. झाड, तंबू किंवा नुसत्या खांबांवरचे छप्पर हा विजेपासूनचा आसरा नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे आतच थांबावे, हा सुरक्षिततेचा सर्वमान्य नियम आहे, आणि मधेच पुन्हा गडगडाट झाला तर मोजणी नव्याने सुरू होते. शिवाय राइड पुन्हा सुरू करण्यापूर्वी तपासणी होते आणि रिकामी फेरी घेतली जाते. म्हणजे वीज थांबल्यावरही पाऊण तास, कधी तासभर, राइड बंदच असणार. तो वेळ फाटकासमोर उभे राहून घालवू नये. जेवण, मोजे बदलणे आणि बंदिस्त सभागृहातला एखादा दीर्घ कार्यक्रम याच वेळात बसवावा.

गर्दीची चाल उलटी ओळखण्यातही फायदा आहे. पहिली सर आली की सगळे एकदम छपराखालच्या राइडकडे धावतात आणि तिथली रांग दुप्पट होते, तर उघड्यावरच्या राइडसमोर कोणी उरत नाही. भुरभुर असेपर्यंत उघड्यावरच्या राइड घ्याव्यात आणि छपराखालच्या राइड मुसळधार पावसासाठी राखून ठेवाव्यात. संततधार लागली तर बरेच लोक दुपारीच घरी जातात. त्यानंतर संध्याकाळी उघडीप मिळाली, तर एरवी दोन तासांची रांग असलेल्या राइडवर चालत जाऊन बसता येते. पावसाळी दिवसाचे खरे बक्षीस हेच, आणि ते कोरडे मोजे शिल्लक असलेल्यांनाच मिळते.

मोबाइल आणि बाबागाडी

मोबाइलवर आयपी ६७ (धूळ आणि पाणी किती रोखले जाते याची श्रेणी) असे लिहिलेले असेल, तर दुसरा आकडा, म्हणजे ७, पाण्याबद्दलचा असतो : एक मीटर खोल, स्थिर, गोड्या पाण्यात ३० मिनिटे, अशी ती चाचणी असते. फोन जुना झाला, एकदा पडला किंवा उघडून दुरुस्त केला, की त्या आकड्यावर विसंबू नये. पारदर्शक झिप-लॉक पिशवीतूनही पडदा चालतो. तिकिटांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत आणि एक छापील प्रत पिशवीत असावी, कारण ओल्या पडद्यावर बोट नीट चालत नाही. चार्जिंगची खाच ओली असताना केबल लावू नये. फोन खाच खाली करून हलकेच झटकावा आणि हवेशीर जागी ठेवावा. तांदळात पुरून काही साधत नाही, उलट पीठ खाचेत जाते.

बाबागाडीचे पावसाळी आच्छादन आत मूल असताना लोक आठवणीने लावतात आणि गाडी राइडबाहेर उभी करताना काढून ठेवतात. खरे तर रिकाम्या गाडीला त्याची गरज जास्त असते, कारण बैठक एकदा भिजली की ती दिवसभर वाळत नाही. मूल आत असताना मात्र हवा खेळण्यासाठी एक बाजू थोडी उघडी राहू द्यावी.

परतताना

गाडीने आला असाल, तर बैठकीवर टाकायला प्लास्टिक आणि जुना टॉवेल गाडीतच ठेवावा. नसाल, तर लॉकरमधले कोरडे कपडे बाहेर पडण्याआधी स्वच्छतागृहात बदलून घ्यावेत, कारण वातानुकूलित बसमध्ये ओलेत्याने बसणे पावसापेक्षा त्रासदायक असते. मुक्कामावर पोहोचल्यावर बुटांची नाडी पूर्ण काढावी, आतला तळ वेगळा करावा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत. तासाभराने ते भिजलेले बोळे काढून नवे घालावेत आणि बूट पंख्यासमोर आडवे ठेवावेत, हीटरसमोर नव्हे; उष्णतेने तळव्याचा डिंक सुटतो. दुसऱ्या दिवशीही पार्क असेल, तर झोपण्यापूर्वी बोळे आणखी एकदा बदलावेत.