सुकामेवा घातलेली घरगुती चॉकलेटं: पाण्याचा एक थेंबही नको

दिवाळीच्या फराळाच्या डब्यात चकली-करंजीच्या बाजूला रंगीत चांदीच्या कागदातली पाच-सहा चॉकलेटं ठेवायची पद्धत आमच्या घरी आता दहा-बारा वर्षं झाली चालू आहे आणि लहान मुलं डबा उघडला की आधी तीच उचलतात. मग त्यांच्या आयांचे फोन येतात की कशी केलीस, अवघड आहे का, ओव्हन लागतो का. ओव्हन लागत नाही, थर्मामीटर लागत नाही, लाडवाच्या पाकापेक्षा तर कितीतरी सोपं काम आहे. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या, चॉकलेटला पाणी लागू द्यायचं नाही आणि सुकामेवा नीट भाजून पूर्ण गार करून घ्यायचा. ज्यांची चॉकलेटं बिघडतात त्यांचं या दोन्हीपैकी एक काहीतरी चुकलेलं असतं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता कोणी "बिघडलं गं" म्हटलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते, पातेलं पुसलं होतंस का?

आधी सामान. चॉकलेटची जी जाड लादी मिळते तिला सगळे स्लॅबच म्हणतात, साधारण 400 किंवा 500 ग्रॅमची येते, डार्क, मिल्क आणि व्हाइट. केकचं सामान मिळतं त्या कुठल्याही दुकानात मिळेल, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला आणि पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास साचे, चांदीचे कागद, खोके सगळं एका फेरीत होतं. घेताना मागचं लेबल नक्की वाचा. त्यावर वनस्पती तूप किंवा हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलेलं असेल तर ते कंपाउंड, आणि कोको बटर लिहिलेलं असेल आणि दुसरं कुठलं तेल-तूप नसेल तर ते खरं चॉकलेट, त्यातलं कोको बटर जास्त असलेलं जे असतं त्याला कूव्हर्चर म्हणतात. चवीला कूव्हर्चर कधीही सरस, जिभेवर ठेवल्यावर जे लोण्यासारखं विरघळतं ते कोको बटरमुळे. पण ते नुसतं वितळवून साच्यात ओतलं तर चमक येत नाही, हाताला मऊ लागतं आणि दोन दिवसांत वर पांढुरके पट्टे येतात, कारण कोको बटर गोठताना त्याचे कण ठरावीक पद्धतीने बसावे लागतात आणि त्यासाठी तापमानाचा खेळ करावा लागतो, त्याला टेम्परिंग म्हणतात. कंपाउंडला ही भानगड नाही, वितळवा, ओता, गोठवा. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यांनी कंपाउंडच घ्यावं असं माझं ठाम मत आहे, आणि त्यात कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते टिकतंही जास्त. कंपाउंड आणि कूव्हर्चर एकत्र मात्र कधी वितळवू नका, दोघांचे स्निग्ध पदार्थ एकमेकांत नीट बसत नाहीत आणि चॉकलेट मऊ राहतं, पांढरं पडतं.

माझं प्रमाण असं. 250 ग्रॅम डार्क, 250 ग्रॅम मिल्क, आणि भाजलेला सुकामेवा 150 ग्रॅम. नुसतं मिल्क घेतलं तर फार गोड होतं आणि नुसतं डार्क मुलं खात नाहीत, अर्धं-अर्धं सगळ्यांना चालतं. एवढ्यात साधारण 10 ग्रॅमची साठ-पासष्ट चॉकलेटं होतात. सुकामेव्यात मी 60 ग्रॅम बदाम, 60 काजू आणि 30 बेदाणे घेते. अक्रोड घालायचे असतील तर आधी एक खाऊन बघा, जुने असले तर खवट लागतात आणि तो खवटपणा चॉकलेटमध्ये लपत नाही, उलट जास्त कळतो. साधे शेंगदाणे तर माझे सगळ्यात आवडते, खमंग भाजून, सालं पाखडून, अर्धे-अर्धे करून डार्क चॉकलेटमध्ये घाला आणि वर मिठाचे अगदी चार कण, महागड्या काजूला मागे टाकतात.

आता भाजणं, आणि इथे घाई करू नका. जाड बुडाची कढई, गॅस एकदम बारीक. बदाम आणि काजू वेगवेगळे भाजायचे कारण काजू लवकर लाल होतो आणि बदाम आतून कच्चाच राहतो. बदामाला आठ-दहा मिनिटं, काजूला पाच-सहा, सतत हलवत. बदाम झाला का हे बघायला एक काढून सुरीने मधोमध कापा, आतला गर पांढरा दिसला तर अजून वेळ आहे, बिस्किटासारखा फिकट बदामी रंग आला की झाला. गॅस बंद केल्यावर कढईतच ठेवू नका, गरम कढईत तो भाजला जात राहतो आणि कडवट होतो, लगेच परातीत पसरा. कोकणातून आलेला सालीचा काजू असेल तर तसाच भाजा आणि कोमट असताना सुती फडक्यात घालून चोळा, सालं सुटतात, ती साल तुरट असते म्हणून काढायचीच. बेदाणे भाजायचे नाहीत आणि धुवायचे तर अजिबात नाहीत, कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचे, सांगली-तासगावकडचे लांबट हिरवे बेदाणे मिळाले तर तेच घ्या, जरा आंबटसर असतात आणि चॉकलेटच्या गोडाला छान जातात. मग सगळं जाडसर कापून कमीत कमी अर्धा तास गार होऊ द्या. कोमट सुकामेवा घातला तर चॉकलेट गोठायला वेळ लावतं आणि त्याच्या अंगची वाफ आत अडकते.

वितळवण्यासाठी डबल बॉयलर म्हणजे आपलं पातेल्यावर पातेलं. खालच्या पातेल्यात दोन बोटं पाणी, वर त्यात पूर्ण बसेल असं स्टीलचं भांडं, पण भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये आणि बाजूने वाफ वर यायला फट राहता कामा नये. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा आणि मगच वर चॉकलेटचं भांडं ठेवा. चॉकलेट सुरीने बारीक चिरून घेतलेलं असेल तर त्या उष्णतेवरच पाच-सात मिनिटांत वितळतं. चमचा सिलिकॉनचा किंवा स्टीलचा घ्या, लाकडी नको, लाकडात ओल मुरलेली असते. झाकण ठेवायचं नाही. हे मी स्वतः भोगलेलं आहे, पहिल्या वर्षी लवकर वितळावं म्हणून वर ताटली झाकली, ताटलीच्या आतल्या वाफेचे दोन-चार थेंब पडले आणि डोळ्यांदेखत अर्धा किलो चॉकलेटचा ओल्या मातीसारखा भरभरीत गोळा झाला. चॉकलेटमध्ये साखर आणि कोकोचे अगदी कोरडे कण तुपात तरंगत असतात, त्यांना थेंबभर पाणी मिळालं की ते एकमेकांना चिकटतात आणि मग कितीही तापवा, सैल होत नाही. मजा अशी की थेंबभर पाण्याने बिघडलेलं चॉकलेट भरपूर पातळ घातलं की सुधारतं, म्हणून तो गोळा टाकू नका, अर्धा कप गरम दूध घालून घोटा, मस्त सॉस होतो, आइस्क्रीमवर घाला नाहीतर दुधात ढवळून प्या. साच्यात मात्र ते आता चालणार नाही.

मायक्रोवेव्ह असेल तर काम आणखी सोपं, फक्त 30-30 सेकंदच लावा आणि दर वेळी बाहेर काढून ढवळा. चॉकलेटचे तुकडे आतून वितळले तरी बाहेरून जसेच्या तसे दिसतात, त्यामुळे अजून झालं नाही असं वाटून माणूस आणखी एक मिनिट लावतो आणि मध्ये जळतं. मिल्क आणि व्हाइट तर दुधाच्या पावडरमुळे फार लवकर जळतात. थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबायचं, बाकीचे ढवळताना विरघळतात. इसेन्स घालायचा असेल तर तेलातला घ्या, पुदिना, संत्रं असे मिळतात, केकमध्ये घालतो तो साधा पातळ व्हॅनिला इथे घालू नका, त्यातही पाणी असतंच. वेलची-जायफळाची कोरडी पूड बिनधास्त चालते.

आता साचे. धुतलेले असतील तर आदल्या रात्री पुसून पालथे घालून ठेवा, सकाळी परत कापसाने आतून पुसा. आधी चॉकलेटने साचा अर्धा भरा, त्यात सुकामेव्याचे तीन-चार तुकडे, मग वरून चॉकलेट, आणि साचा ओट्यावर सात-आठ वेळा टपटप आपटा. बारीक बुडबुडे वर येऊन फुटताना दिसतात, ते यायचे थांबेपर्यंत आपटायचं, नाहीतर चॉकलेटला भोकं पडतात. वर जास्तीचं आलेलं सुरीच्या पाठीने निपटून घ्या म्हणजे बूड सपाट होतं. आणि मग फ्रीजमध्ये पंधरा-वीस मिनिटं, फ्रीझरमध्ये नको.

झालं की नाही हे कळायची एक खूण सांगते, ही मला माझ्या एका मावशीने दाखवली. साचा पारदर्शक घ्यायचा आणि उलटा करून खालून बघायचं. चॉकलेट ओलं असताना ते प्लॅस्टिकला चिकटलेलं, गडद दिसतं, आणि गोठताना ते किंचित आकसतं, मध्ये हवा शिरते आणि तो भाग धुकं धरल्यासारखा पांढुरका दिसायला लागतो. कडेपासून मधोमध ते धुकं पसरत जातं. सगळ्या खाचा एकसारख्या धूसर दिसल्या की साचा सुती कापडावर उलटा करून हलकासा पिळा, टकटक करत सगळी सुटतात. एखाद्या खाचेत मध्येच गडद ठिपका असेल तर ते चॉकलेट मोडणार, परत पाच मिनिटं आत ठेवा.

ज्यांच्याकडे साचे नाहीत त्यांनी रॉक्स करावेत. वितळलेल्या चॉकलेटमध्ये सगळा सुकामेवा एकदमच कालवायचा आणि बटर पेपरवर चमच्या-चमच्याने छोटे ढीग घालायचे, बस्स. ह्याला सुकामेवा थोडा जास्त लागतो, 500 ग्रॅमला 250 पर्यंत.

आणि एक दिवाळीतला खास प्रकार. 100 ग्रॅम साखर कोरडीच कढईत बारीक गॅसवर विरघळवायची, मधाच्या रंगाची झाली की त्यात 100 ग्रॅम भाजलेले बदाम किंवा दाणे घालून तूप लावलेल्या ताटात ओतायचं, चिक्की ओततो तसंच. गार झाल्यावर खलबत्त्यात जाडसर कुटायचं आणि साच्यात सुकामेव्याऐवजी ही भरड घालायची. चावताना आत जो कुरकुर आवाज येतो त्याला तोड नाही. पण ही भरड हवेतली ओल पटकन ओढते, म्हणून कुटल्यावर लगेच वापरा आणि पावसाळ्यात हा प्रकार करूच नका.

कूव्हर्चर ज्यांना करायचंच आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे थर्मामीटर घ्यावाच लागेल. डार्क असेल तर दोन भाग चॉकलेट 45 अंश सेल्सिअसपर्यंत वितळवा, तिसरा भाग बारीक चिरून न वितळवता थोडा-थोडा त्यात घालत ढवळत राहा, तापमान 31-32 वर आलं की ओता. मिल्कला 29-30. सुरीचं टोक बुडवून बाहेर ठेवा, चार-पाच मिनिटांत चकचकीत गोठलं तर जमलं. आपल्या एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघरच 34-35 अंशांवर असतं, तिथे हे जमणं कठीण, त्यामुळे थंडीत किंवा एसी लावून करा.

फ्रीजमधून काढलेली चॉकलेटं लगेच कागदात गुंडाळू नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्यांच्यावर बारीक दव धरतं, ते आत अडकलं तर वरची साखर विरघळून परत सुकते आणि पृष्ठभाग खरखरीत पांढरा होतो. पंख्याखाली वीस मिनिटं ठेवा, बोट फिरवून कोरडं लागलं की मग गुंडाळा. हात घामेजत असतील तर पातळ हातमोजे घाला, बोटांचे ठसे चमकेवर लगेच दिसतात. हवाबंद डब्यात, उन्हापासून आणि मसाल्याच्या कपाटापासून लांब, तीन-चार आठवडे छान राहतात, त्यापुढे सुकामेवा खवट व्हायला लागतो. कोणाला देताना डब्यावर आत काय-काय आहे ते नक्की लिहा, शेंगदाण्याची किंवा काजू-बदामाची ॲलर्जी असलेली मुलं असतात आणि कागदात गुंडाळलेलं चॉकलेट बघून त्यांना कळणार कसं.

साचे प्रत्येक वेळी धुवायचे नाहीत, नुसते कापसाने पुसून ठेवायचे. घासणीने घासले की आत ओरखडे पडतात आणि पुढच्या खेपेला तेच ओरखडे चॉकलेटवर उमटतात.