ताहितीला दोघंच निघण्याआधी

पहिलं काम, बेटं कमी करा. ताहिती ज्यात येतं त्या फ्रेंच पॉलिनेशियात शंभराहून जास्त बेटं आहेत आणि नकाशा उघडला की दोघांपैकी एकाला तरी पाच-सहा करावीशी वाटतातच. दहा दिवसांना दोन पुरे. माझं मत विचाराल तर जास्त रात्री मोरेआ बेटाला द्या; ताहितीवरच्या पापीते शहराच्या धक्क्यावरून फेरीने पाऊण तासाच्या आत पोचता येतं. बोरा बोराला दोन रात्री. पाण्यावरच्या खोलीचं भाडं ऐकलंत की तिसरी रात्र आपोआप गळेल.

मे ते ऑक्टोबर तिथे कोरडे दिवस, म्हणजे आपल्याकडे पाऊस कोसळत असताना निघायचं. व्हिसाचं मात्र चार महिने आधीच हातात घ्या. युरोपसाठीचा नेहमीचा शेंगेन व्हिसा चालेल असं गृहीत धरू नका, अर्जातच फ्रेंच पॉलिनेशियाचं नाव घाला. लॉस एंजेलिसमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तरी थांबा: नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो.

तारखा दोघांनी मिळून तपासा. ताहिती आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे. पुण्यात सोमवारी सकाळचे दहा वाजतात तेव्हा तिथे रविवार संध्याकाळचे साडेसहा. हॉटेलचं बुकिंग एक दिवस चुकतं ते इथेच. घरच्यांनाही फोनची वेळ आधी सांगून ठेवा.

बॅगेत रबरी तळव्याचे पाण्यातले बूट हवेतच. प्रवाळ पाय कापतं आणि दगडासारखा पडून राहणारा विषारी स्टोनफिश दिसत नाही. पूर्ण बाह्यांचा पोहायचा टीशर्ट, डासांचं मलम (डेंग्यू तिथेही आहे), नेहमीची औषधं. मोबाइलचा बारीक दोन पिनांचा चार्जर तिथल्या सॉकेटात बसतो, जाड तीन पिनांचा नाही. खोबरेल नेऊ नका. तियारे फुलं मुरवलेलं मोनोई तेल तिथेच घ्या, तेही खोबरेलच.

खाण्याचं काय? लिंबू आणि नारळाच्या दुधातला कच्चा ट्यूना हा तिथला रोजचा पदार्थ. मासे खाणाऱ्याने तो चुकवू नये. शाकाहारी असाल तर मेतकूट आणि थेपले घ्या, ताजी फळं मात्र नेऊ नका. आणि जेवणात 'उरू' मागा. तो आपला कोकणातला नीरफणस. त्याची रोपं न्यायला 1788 साली इंग्रजांचं बाउंटी जहाज ताहितीला आलं, पाच महिने राहिलं आणि परतीच्या वाटेवर खलाशांनी बंड केलं. पाच महिन्यांनंतर कोणाचा पाय निघेल?

थोडे पॅसिफिक फ्रँक, म्हणजे तिथलं चलन, रोख ठेवा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, पाणी-बिस्किटं शनिवारीच भरा. ऑफिसचा लॅपटॉप कोणाच्या बॅगेत जाणार यावर भांडण होईल. ते घरीच उरकून घ्या.