कोरियनमध्ये अंदाज आणि अपेक्षा कशा बोलाव्यात

‘पाऊस येईल’, ‘येईलसं वाटतंय’, ‘पडून गेलेला दिसतोय’. मराठीत ही तिन्ही वाक्यं आपण न अडखळता बोलतो. कोरियनमध्ये हेच काम क्रियापदाच्या शेपटावर असतं. शेपटांची यादी पाठ करत बसू नका. आधी स्वतःला विचारा, मी हे कशावरून म्हणतोय? (उच्चार देवनागरीत जवळपासचेच येतात. कान तयार करायला खरे उच्चार ऐका.)

१. नुसतं मनाला वाटतंय? मग ‘ल कॉत काथायो’. ओदा म्हणजे येणे, त्याचं ओल. ‘बिगा ओल कॉत काथायो’: पाऊस येईलसं वाटतंय. यातलं मूळ क्रियापद कात्ता, म्हणजे ‘सारखं असणं’. आपलं ‘आल्यासारखं वाटतंय’ आठवा. धातूच्या शेवटी व्यंजन असेल तर ‘उल’ लागतं: मॉक्ता (खाणे), मॉगुल. कुठलं रूप घ्यावं कळेना, तर हेच घ्या.

२. खूण दिसतेय? मग ‘ना ब्वायो’. हे बोदा, म्हणजे ‘पाहणे’, यातून आलंय. आपलं ‘दिसतंय’ तसंच. सकाळी रस्ता ओला दिसला की ‘बिगा वान्ना ब्वायो’, पाऊस पडून गेलेला दिसतोय. हॉटेलबाहेर रांग दिसली की ‘माशिन्ना ब्वायो’, चांगलं मिळत असणार इथे.

इथेच मी एकदा माती खाल्ली. यजमानांकडे भरपेट जेवता जेवता कौतुकाने ‘माशिन्ना ब्वायो’ म्हणालो. म्हणजे काय, तर ‘चवदार दिसतंय बुवा’, जणू मी घासच घेतला नव्हता! स्वतः घेतलेल्या अनुभवाला हे रूप चालत नाही. तिथे सरळ ‘माशिस्सॉयो’ म्हणायचं.

३. ताट आत्ताच समोर आलंय? तेव्हा ‘गेत’: ‘माशित्केत्ता!’ भारी लागणार हे! कुणी दिवसभराची दगदग सांगितली की ‘हिमदुल्गेस्सॉयो’, दमला असाल हो. हा अंदाज कमी, आपुलकी जास्त.

४. बऱ्यापैकी खात्री आहे? ‘नेइल बिगा ओल कॉयेयो’, उद्या पाऊस येईल. मात्र कर्ता ‘मी’ असला की हाच अंदाज बेत होतो: ‘काल कॉयेयो’, मी जाणार आहे.

५. आता अपेक्षा. ‘ओशिल चुल मोल्लास्सॉयो’: तुम्ही याल असं वाटलं नव्हतं. उलट बाजूचं ‘ओल चुल आरास्सॉयो’ दुहेरी आहे: ‘येईल असं वाटलं होतं (पण नाही आला)’ किंवा ‘येणार हे वाटलंच होतं’. मराठीत एका ‘च’ने काम भागतं, कोरियनमध्ये संदर्भ पाहावा लागतो, आणि बोलताना ‘आरास्सॉयो’वर जोर दिला की ‘वाटलंच होतं’ हा अर्थ निघतो. मित्र पुन्हा उशिरा आला की ‘कुरॉल चुल आरास्सॉ’, असं होणार हे वाटलंच होतं. शेवटी आदराचं ‘यो’ नाही, म्हणून हे मित्रालाच. साहेबांना म्हणू नका. ‘यो’ लावूनही नको.