थोड्या काळासाठी वापरलेली गाडी घेताना या चुका टाळा

सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत वापरायची आणि मग विकून टाकायची, अशा बेताने जो वापरलेली गाडी घेतो त्याचे गणित दहा वर्षांसाठी गाडी घेणाऱ्याच्या गणिताहून निराळे असते. कुणाचा परगावचा मुक्काम ठरावीक मुदतीचा असतो, कुणाला नोंदवलेली नवी गाडी हाती येईपर्यंत सोय हवी असते, तर कुणाला चालवायला शिकताना ओरखडा पडला तरी जीव हळहळणार नाही अशी गाडी हवी असते. या सगळ्यांपुढे खरे प्रश्न दोनच असतात: आपल्या मुदतीत गाडीत मोठा खर्च निघेल का, आणि मुदत संपल्यावर ती कोण विकत घेईल. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या दोनांपैकी एक प्रश्न विसरल्यामुळे होतात.

खरेदीची किंमत हाच खर्च समजणे

स्वस्त गाडी म्हणजे कमी किमतीला मिळालेली गाडी, ही समजूत सर्वांत महागात पडते. थोड्या काळाच्या मालकाला पडणारा खर्च म्हणजे घेतलेल्या आणि विकलेल्या किमतीतला फरक, अधिक दुरुस्ती, विमा आणि नाव बदलण्याचा खर्च. या बेरजेला वापराच्या महिन्यांनी भागले की खरा आकडा हाती येतो. समजा, एक गाडी ६० ला घेतली, तिच्यावर लगेच १५ खर्च झाले आणि वर्षाने ती ३५ ला गेली, तर ती ४० ला पडली. दुसरी १०० ला घेतली, तिच्यावर ५ खर्च झाले आणि ती ८० ला विकली गेली, तर ती २५ लाच पडली. स्वस्त गाडी कोणती, हे घेण्याच्या दिवशी कळत नाही, विकण्याच्या दिवशी कळते.

नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते आणि पुढे उताराचा वेग मंदावतो. त्यामुळे मोठा घसारा आधीच्या मालकाने सोसलेली, पण अजून जीर्ण न झालेली गाडी आपल्या कामाची. साधारण सहा ते दहा वर्षांच्या नीट राखलेल्या गाडीत हा मेळ बसतो, असे माझे मत आहे. त्याहून नवी असेल तर घसारा खातो आणि त्याहून बरीच जुनी असेल तर गॅरेज खाते. हाताशी असलेली सगळी रक्कम खरेदीतच घालू नये. ऑइल, फिल्टर, बॅटरी किंवा टायर यांपैकी काहीतरी पहिल्याच महिन्यात निघते, म्हणून किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवावी. गरज तीन-चार महिन्यांचीच असेल, तर खरेदी-विक्रीचे ठरलेले खर्च एवढ्या थोड्या काळावर फार जड पडतात. तेव्हा भाड्याच्या गाडीचा हिशेबही शेजारी मांडून पाहावा.

मनात भरलेली गाडी घेणे

एके काळची महागडी, आलिशान गाडी साध्या गाडीच्या किमतीत मिळते तेव्हा मोह होतो. गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही, हे त्या वेळी ध्यानात राहत नाही. हवेवर चालणारे सस्पेन्शन, काचेचे सरकते छत, डझनभर सेन्सर यांतले एखादे बिघडले की दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. याउलट १९६६ पासून बनत आलेली टोयोटा कोरोला किंवा १९७२ पासूनची होंडा सिव्हिक अशा गाड्यांचे सुटे भाग आणि त्या ओळखणारे मेकॅनिक बहुतेक ठिकाणी मिळतात. आपल्या भागात रस्त्यावर जी गाडी सर्वांत जास्त दिसते, तीच बहुधा विकायलाही सोपी असते. अशा गाडीला नावापायी थोडी जास्त किंमत द्यावी लागते खरी, पण विकताना त्यातली बरीचशी परत मिळते. मात्र नाव चांगले म्हणून समोर उभी असलेली ती विशिष्ट गाडी चांगलीच असेल, असे धरून चालू नये.

यंत्रणा जितकी साधी तितकी बरी. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन आणि हाताचा गिअर किंवा टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलाच्या जोडणीने ताकद पोचवणारा) जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक, ही जोडी थोड्या काळाच्या मालकाला सर्वांत कमी सतावते. डिझेल गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असेल आणि आपली धाव रोजची चार-पाच किलोमीटरचीच असेल, तर तो फिल्टर स्वतःला जाळून साफ करण्याइतका तापतच नाही आणि तुंबतो. मूळ मालकाने हौसेने बदललेला सायलेन्सर, खाली बसवलेली गाडी किंवा विचित्र रंग यांचे गिऱ्हाईक मोजकेच असते, ही गोष्ट घेतानाच लक्षात घ्यावी.

गरम इंजिनावर गाडी पाहणे

तपासणीत माझा सर्वांत जास्त भर याच गोष्टीवर असतो, कारण थंड इंजिन खोटे बोलत नाही. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे की गाडी सुरू करून ठेवू नका, आणि पोचताच बॉनेटवर हात ठेवून पाहावा. बॉनेट गरम लागले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. मी एकदा हा नियम मोडला. गाडी "आताच धुऊन आणली" म्हणून गरम होती आणि मी ते मान्य केले. दुसऱ्या सकाळी दारात सुरू केली तेव्हा निळ्या धुराने घराची भिंत दिसेनाशी झाली.

सुरू करण्याआधी ऑइलची पट्टी काढून पातळी पाहावी, झाकण उघडून आतून बघावे. झाकणाखाली दुधाळ, लोण्यासारखा थर असेल तर कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) ऑइलमध्ये मिसळत असण्याची, म्हणजेच या दोन्हींना वेगळे ठेवणारी इंजिनाची पट्टी, हेड गॅस्केट, गेल्याची शंका घ्यावी. मात्र थंड हवेत सतत लहान अंतरे चाललेल्या गाडीत केवळ वाफ साचूनही तसा पातळ थर धरतो, म्हणून तेवढ्यावरून निकाल देऊ नये. पट्टीवरचे ऑइलही दुधाळ आहे का आणि कूलंटच्या डब्यात तवंग आहे का, ते पाहावे. कूलंट गंजाच्या रंगाचा असेल तर बरीच वर्षे तो बदललेला नाही. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडावे, कारण गरम असताना उघडले तर दाबाखालचे उकळते पाणी अंगावर उडते.

मग गाडी सुरू करताना दुसऱ्या माणसाला मागे उभे करून धूर पाहायला सांगावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे इंधन पुरते जळत नाही. आणि थंडीतली नेहमीची वाफ विरून गेल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येतच राहिला तर कूलंट जळतो आहे. सुरू होताना पहिले काही क्षण साखळी खडखडल्यासारखा आवाज आला, तर इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी, म्हणजे टायमिंग चेन, ढिली पडली असण्याचा संभव असतो. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे सगळे इशारादिवे आधी लागून मग विझायला हवेत. इंजिनाचा किंवा एअरबॅगचा दिवा मुळीच लागत नसेल, तर तो दडवण्यासाठी काढला असल्याची शंका घ्यायला जागा आहे.

ट्रायल किमान अर्ध्या तासाची असावी, म्हणजे इंजिन पूर्ण तापते आणि तापमानाचा काटा मध्यावर ठरतो की चढत राहतो, ते कळते. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून जोरात ॲक्सिलरेटर दाबला असता इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाल्यास क्लच घसरतो आहे. ऑटोमॅटिक गाडीत न्यूट्रलमधून ड्राइव्हमध्ये टाकल्यावर झटका बसला किंवा दोन-तीन सेकंद काहीच घडले नाही, तर पुढे चर्चाच करू नये. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरावे. कटकट ऐकू आली तर ॲक्सलचा सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणारा वळता सांधा) झिजला आहे. रेडिओ बंद ठेवावा, आणि विक्रेत्याच्या गप्पाही शक्य तितक्या कमी ठेवाव्यात.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबणे

ओडोमीटर मागे फिरवता येतो, पण पेडलवरचे रबर, स्टिअरिंगची झळाळी आणि चालकाच्या आसनाची खचलेली कड मागे फिरवता येत नाही. या तिन्ही गोष्टी आकड्याशी जुळतात का, ते पाहावे. मला मात्र आकड्यापेक्षा पावत्या महत्त्वाच्या वाटतात. दीड लाख किलोमीटर चाललेली, पण दरवर्षी ऑइल बदलल्याच्या पावत्या असलेली गाडी ही साठ हजार चाललेल्या आणि कागद नसलेल्या गाडीहून बरी. पावत्यांवर क्रमाने तारीख आणि किलोमीटर असतात, त्यामुळे खोटेपणाही तिथेच उघडा पडतो.

टायमिंग बेल्टची पावती आवर्जून मागावी. पुष्कळ इंजिनांत चेनच्या जागी असणारा हा रबरी पट्टा ठरावीक किलोमीटरनंतर किंवा ठरावीक वर्षांनंतर, जे आधी येईल तेव्हा बदलायचा असतो. कमी चाललेल्या जुन्या गाडीत किलोमीटर भरलेले नसतात, पण वर्षे केव्हाच उलटून गेलेली असतात. ज्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात, तिथे पट्टा तुटला की ते एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाचे मोठे काम निघते. पावती नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरावे आणि खर्च किमतीतून वजा करावा.

टायरच्या बाजूवरही तारीख कोरलेली असते. २००० सालापासून ती चार आकड्यांत असते: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. टायरची फक्त आतली कड झिजली असेल तर अलाइनमेंट (चाकांच्या दिशेची जुळवणी) किंवा सस्पेन्शनमध्ये दोष असतो, आणि मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त भरली जात होती.

पत्रा, पाणी आणि कागद

दरवाजे आणि बॉनेट यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या असाव्यात आणि बोल्टवर पान्याच्या खुणा नसाव्यात. पुरात बुडालेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून गाळाची रेघ दिसते का ते पाहावे, स्टेपनीच्या खळग्यात आणि गालिच्याखाली हात घालावा. आत उग्र सुगंध मारला असेल, तर त्याखाली कुबट वास लपलेला असू शकतो.

चासी नंबर कागदावर आणि गाडीवर अक्षरशः एक असावा. अलीकडच्या गाड्यांवर तो बहुधा १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. याच नंबरावरून कंपनीकडे रिकॉलची, म्हणजे दोषापायी ती गाडी परत बोलावली आहे का याची, चौकशी करावी. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचे भाग उष्णता आणि दमटपणामुळे बिघडून फुटत होते. त्यापायी जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. अशी दुरुस्ती कंपनी सहसा विनामूल्य करून देते. गाडीवर कर्ज बाकी आहे का, हेही पैसे देण्याआधीच तपासावे.

प्रत्येक दोषाला सारखेच घाबरणे

दोष नसलेली जुनी गाडी मिळत नाही, आणि थोड्या काळाच्या मालकाला ती लागतही नाही. दरवाजावरचा पोचा, फिकट पडलेला रंग, एखादी न उतरणारी मागची काच, फाटलेले आसन हे सगळे किंमत पाडून घेण्याचे मुद्दे आहेत. आपल्याला ते असेच विकताही येतात. झिजलेले टायर आणि ब्रेक पॅड हा मोजता येणारा खर्च आहे, पण तो सुरक्षेचा असल्याने टाळता येत नाही. गिअरबॉक्स, हेड गॅस्केट, सांगाड्याला लागलेला गंज आणि एअरबॅग यांपैकी काही बिघडलेले असेल, तर कितीही सवलत मिळाली तरी निघून यावे, कारण त्या खर्चाला तळ नसतो.

इंजिनाच्या संगणकातले दोष वाचणारे छोटे ओबीडी यंत्र सोबत न्यावे. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारगाड्यांना ओबीडी-२ बंधनकारक झाले आणि पुढे इतरत्रही तसेच जोड आले. यंत्र दोष दाखवत नाही एवढ्याने समाधान मानू नये. गाडीचा संगणक स्वतःच घेतो त्या चाचण्या यंत्रात "अपूर्ण" दिसत असतील, तर जुने दोष नुकतेच पुसले असण्याची शक्यता आहे, किंवा बॅटरी काढून लावलेली आहे. शेवटी, विक्रेत्याने सुचवलेल्या नव्हे तर आपण निवडलेल्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहून घ्यावी. विक्रेता याला नकार देत असेल, तर कारण विचारण्याचीही गरज नाही.

गाडी घेतल्यावर ऑइल, फिल्टर आणि ब्रेक ऑइल लगेच बदलावे. सकाळी इंजिन नीट फिरत नसेल तर नवी बॅटरी आणण्याआधी व्होल्टमीटर लावावा: बंद गाडीत भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि सुरू गाडीत साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. चालू असताना आकडा वर चढत नसेल, तर बहुधा बॅटरी भरणारा अल्टरनेटर दोषी असतो. तापमानाचा काटा फक्त गर्दीत उभे असताना चढत असेल आणि वेग घेतल्यावर उतरत असेल, तर आधी रेडिएटरचा पंखा फिरतो का ते पाहावे.

विक्री शेवटच्या आठवड्यावर ठेवणे

विमानाचे तिकीट खिशात असलेल्या माणसाला गाडीची किंमत मिळत नाही. समोरच्याला त्याची घाई दिसते. मुदत संपण्याच्या सहा-आठ आठवडे आधी जाहिरात द्यावी आणि शेवटचे काही दिवस गाडीविना निभावण्याची तयारी ठेवावी. विकण्याआधी नवा रंग किंवा नवे टायर यांवर केलेला खर्च क्वचितच भरून निघतो, त्यापेक्षा आतून-बाहेरून स्वच्छता आणि आपल्या काळातल्या सगळ्या पावत्यांची फाइल जास्त उपयोगी पडते. दडवलेल्या दोषांमुळे आपण ज्या गाड्या नाकारल्या, तसेच पुढचा गिऱ्हाईकही करील, म्हणून उरलेले दोष जाहिरातीतच लिहून टाकावेत. पैसे मिळाल्यावर नाव बदलल्याची पोच हातात येईपर्यंत विमा बंद करू नये.